पाठकोरे कागद

रविवारी सकाळी दहाला पुंडलिकनगरमधल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत चार-पाच मुलंमुली जमतात. एमएस्सी झालेली, नाहीतर शेवटच्या वर्षाला असलेली. मी शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण ही सगळी काही माझ्या वर्गातली नसतात. कुणी गंगापूरकडून येतं, कुणी सिल्लोडहून, कुणी वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून थेट. त्यांच्यात सारखं एवढंच की घरात त्यांच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसतं. पीएचडी म्हणजे काय, हे त्यांना घरी सांगता येत नाही. एकीच्या आजोबांची खात्री होती की नात दरवर्षी नापास होते, त्याशिवाय का ती अजून शिकतेय.

मलाही हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्ज कुठे करायचा, आधी कुणाला पत्र लिहायचं, मुलाखतीत एखादं उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हटलेलं चालतं, या गोष्टी मला फार उशिरा कळल्या. म्हणून मी त्या या मुलांना लवकर सांगते. त्यात मोठेपणा काही नाही. रविवारी सकाळी मला दुसरं कामही नसतं.

आम्ही मुलाखतीचा सराव करतो. जेवणाचं टेबल आडवं लावायचं, पलीकडे तिघांनी परीक्षक होऊन बसायचं आणि एकाने बाहेर जिन्यात थांबून दार वाजवायचं. परीक्षक व्हायला सगळ्यांनाच आवडतं.

"या, बसा. पाणी घेणार?"

"नको सर."

"घ्या हो. पुढं घाम फुटणारंय, तेवढंच भरून निघंल."

ज्या मुलीबद्दल लिहायचं आहे, ती सरावाच्या पहिल्या दिवशी दार वाजवून आत आली आणि दहा मिनिटं उभ्यानेच उत्तरं देत राहिली. शेवटी मी विचारलं, "बसली का नाहीस?"

"तुम्ही बसा म्हणला नाय," ती म्हणाली. "आणि उभं राहून लवकर सुटतो माणूस."

ती पैठणच्या पलीकडच्या एका गावची. गावाच्या कडेला बौद्धवस्ती आहे, तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर. आई गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते, वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतात. वस्तीतून विज्ञानाची एमएस्सी केलेली ती पहिलीच. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करायची, असं तिने ठरवलं होतं. त्या संस्थेची जाहिरात तिने माझ्याकडेच पहिल्यांदा पाहिली. लेखी परीक्षा ती पास झाली. राहिली होती ती मुलाखत.

मुलाखतीला एमएस्सीच्या प्रकल्पाची वही न्यायची होती. आता त्या वहीबद्दल. ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

माझं शिक्षण कन्नडजवळच्या एका लहान गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. आमच्या शाळेत प्रत्येक विषयाला दोन वह्या असायच्या, कच्ची आणि पक्की. कच्च्या वहीत चुकायचं आणि पक्कीत उतरवून काढायचं. पक्की वही गुरुजी तपासायचे, तपासणीला साहेब आले की तीच त्यांच्यासमोर ठेवायची. कच्ची कुणी बघत नसे. वर्ष संपलं की तिची पानं भेळवाल्याकडे किंवा चुलीत जायची. माझ्या पक्क्या वह्या फार स्वच्छ असत. मी हुशार होते की नाही ते माहीत नाही, पण माझ्या वहीत खाडाखोड नसे.

दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं. आमचे गुरुजी एका संध्याकाळी घरी आले. येताना त्यांनी माझी विज्ञानाची पक्की वही आणली होती. माझे वडील गवंडी. त्यांना सही करण्यापुरतं वाचता येत होतं. गुरुजींनी फार काही बोलण्याऐवजी वही त्यांच्या हातात दिली. वडिलांनी हात धोतराला पुसले, एकेक पान उलटलं. शेवटी म्हणाले, "वळंब्यात हाय सगळं." भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी वजन बांधलेली दोरी सोडतात, तो ओळंबा. पुढच्या आठवड्यात मला कन्नडच्या कॉलेजात अकरावी सायन्सला घातलं.

त्या वहीचे माझ्यावर असलेले उपकार मी कधी विसरले नाही. अडचण तिथूनच सुरू झाली, असं आता वाटतं.

कॉलेजात कच्ची-पक्कीचं नाव बदलून रफ आणि फेअर झालं. प्रयोगाचं उत्तर काय यायला हवं, ते आधीच माहीत असायचं. रीडिंग घ्यायचं आणि ते उत्तराच्या जवळ जाईल असं फेअरमध्ये लिहायचं. त्याला आम्ही "बसवणं" म्हणायचो. "माझं रीडिंग बसंना गं," असं एकमेकींना सांगायचो आणि मग जिचं बसलं असेल तिचं बघायचो. यात कुणाला फसवायचा हेतू नव्हता. बिघडलेला प्रयोग लिहून ठेवणं म्हणजे पाहुण्यांसमोर करपलेली भाकरी ठेवणं, असं आम्हाला वाटायचं. पीएचडीतही मी असंच केलं. प्रबंध जमा केला त्याच दिवशी सगळे रफ कागद रद्दीत घातले. खोली रिकामी झाल्याचा आनंद वाटला होता, हे आठवतं.

पैठणकडची ती मुलगी एमएस्सीच्या प्रकल्पाच्या वेळी माझ्याकडे येऊ लागली होती. प्रयोग साधा होता. ज्वारीचं बी पाच प्रकारच्या पाण्यात उगवून बघायचं: एक साधं पाणी आणि चार वाढत्या खारटपणाची. तिच्या गावात विहिरींचं पाणी खारट होत चाललं आहे, म्हणून तिने हा विषय घेतला होता. प्रत्येक पाण्यासाठी काचेच्या तीन डिश, प्रत्येक डिशमध्ये वीस दाणे. दहा दिवस रोज किती दाण्यांना मोड आले ते मोजायचं. पाणी जितकं खारट, तितके मोड कमी, असं उत्तर यायला हवं होतं.

रफ लिहायला तिला कागद हवे होते. आमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला वाया गेलेल्या प्रती एका खोक्यात टाकतो. एका बाजूला काहीतरी छापलेलं, दुसरी बाजू कोरी. असे पाठकोरे कागद मी वर्षानुवर्षं त्याच्याकडून आणते. त्यातला एक गठ्ठा मी तिला दिला. बहुतेक सगळे कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या वाकड्या आलेल्या प्रती होत्या. ती रोज एक कागद घ्यायची, मागच्या कोऱ्या बाजूवर पंधरा डिशचे आकडे मांडायची.

दहा दिवसांनी कागद घेऊन ती माझ्याकडे आली. पंधरापैकी तेरा डिश नीट होत्या. दोन नव्हत्या. एका डिशमध्ये बुरशी आली होती. आणि सगळ्यांत कमी खारट पाण्याच्या तीन डिशपैकी एकीत साध्या पाण्यापेक्षाही जास्त दाणे उगवले होते.

"मॅडम, ह्या दोन बसत नायत," ती म्हणाली.

मी कागद पाहिले. मग तिला म्हटलं, "बसत नाहीत त्या सोडून दे. फेअरमध्ये घाण कशाला?"

तिने सोडून दिल्या. एका संध्याकाळी बसून तिने एकाच पेनाने सगळी वही उतरवली. आलेख खाली उतरत गेलेला, एकही टिंब रेषेबाहेर नाही. मी ती वही रविवारच्या मुलांना दाखवली. असं काम हवं, असं म्हटल्याचंही आठवतं.

मुलाखत एका शुक्रवारी होती. ती आदल्या दिवशी एसटीने पुण्याला गेली, नात्यातल्या कुणाकडे राहिली. आम्ही तिचा सराव इतका घेतला होता की मला काळजी नव्हती. दुपारी तिचा फोन आला. मागे बसस्थानकातल्या घोषणा ऐकू येत होत्या.

"झाली का?" मी विचारलं.

"झाली."

"कशी झाली?"

"वही बगितली त्यांनी," ती म्हणाली. "पाच जण होते. एक मॅडम होत्या कडेला, त्यांनी वही मागितली. मला आधी बरं वाटलं. त्यांनी पानं उलटली आणि म्हणल्या, दहा दिवसांचं काम एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसतंय. मी म्हणलं, व्हय मॅडम, हे फेअर हाय. मग म्हणल्या, पद्धतीत तीन-तीन डिश लिहिल्यात, या दोन ठिकाणी आकडे दोन-दोन डिशचेच कसे? तिसरी कुठं गेली?"

"मग?"

"इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचंना. मी म्हणलं, इट वॉज नॉट सिटिंग."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही.

"ते एकमेकांकडं बघायला लागले. एक सर म्हणले, मूळ नोंदी कुठं आहेत? मी म्हणलं, रफ होतं. कुठं आहे? म्हणलं, घरी असंल. त्या मॅडम म्हणल्या, सोमवारी दुपारपर्यंत मूळ कागदांचे फोटो पाठवा. नायतर आम्हाला असं समजावं लागंल की हे आकडे... मॅडम, त्यांना वाटतंय मी मनानं लिहिले."

"कागद आहेत ना घरी?"

"शहरातली खोली सोडली तवा सगळं गाठोडं आईकडं टाकलं होतं. आई खिचडीची चूल कागदानं पेटवती."

फोन ठेवल्यावर मी माझं कपाट उघडलं. माझ्या पीएचडीच्या तीन फेअर वह्या तिथे आहेत, जाड पुठ्ठ्याच्या. त्या चाळल्या. सगळं स्वच्छ होतं. कुठल्या दिवशी काय बिघडलं होतं, ते मला एकाही पानावरून सांगता आलं नसतं. हाच प्रश्न मला कुणी विचारला असता तर माझ्याकडे पाठवायला काहीच नव्हतं. मला तो कुणी विचारला नाही, एवढाच माझ्यात आणि तिच्यात फरक होता.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी बसने पैठणला गेलो, तिथून शेअर रिक्षाने तिच्या गावी. वाटेत ती म्हणाली, "जाळले असले तर आईला बोलायचं नाय हं. तिला काय माहीत."

तिच्या आईच्या शाळेला सुट्टी होती. दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पदर सारखा केला.

"या मॅडम. फोन तरी करायचा, काई केलं असतं."

"आई, माझं कागदाचं गाठोडं कुठंय?" मुलीने चप्पलही काढली नव्हती.

"कंचं गाठोडं?"

"खोली सोडून आले तवाचं. एका बाजूनं छापलेले कागुद होते."

"ते व्हय," आई म्हणाल्या. "ते तर वर फळीवर हायेत."

"फळीवर कुठं?"

"डब्याखाली. आंथरलेत की."

स्वयंपाकाच्या खोलीत भिंतीला तीन फळ्या होत्या. त्यांवर पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले. डब्यांखालून सातबारा दिसत होता: गट नंबर, क्षेत्र, पिकाचं नाव. आईंनी छापील बाजू वर केली होती. लेकीने हाताने लिहिलेली बाजू खाली, लाकडाला टेकून.

"छापलेलं वर बरं दिसतं," त्या म्हणाल्या. "हातानं गिचमिड केलेलं कशाला वर ठिवायचं? कुणी आलं-गेलं तर."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग स्टुलावर चढून ती एकेक डबा खाली द्यायला लागली. डाळ, तिखट, गूळ, शेवया. मी ते ओळीने जमिनीवर ठेवत गेले. आई मध्येच म्हणाल्या, "सगळंच काढताव का? काल तर पुसून मांडलंय."

"तुला नवे आणून देते."

"नवे म्हंजी पेपरच ना? पेपरची शाई डब्याला लागती."

कागद निघाले. एक तेलाच्या डब्याखालचा होता, त्यावर मोठा पिवळा डाग आरपार उतरलेला, पण अक्षरं शाबूत. एकाचा कोपरा झुरळांनी खाल्लेला. आम्ही ते बाहेर ओट्यावर उन्हात मांडले आणि दिवसांप्रमाणे लावले. पहिला, दुसरा, तिसरा. नऊ कागद झाले. सातवा नव्हता.

"आई, अजून एक असंल."

आईंनी डोकं खाजवलं. "मागल्या म्हैन्यात ती पल्याडची आल्ती, मेथीचं बी मागाया. पुडी बांधून दिल्ती एका कागदात."

मुलगी पल्याडच्या घरी पळाली आणि पाच मिनिटांनी परत आली. बी पेरून झालं होतं. पुडीचं काय केलं, ते त्या बाईंना आठवत नव्हतं.

ती ओट्यावर कागदांपाशी बसली. जरा वेळाने म्हणाली, "मॅडम, सातवा दिवस मी आत्ता लिहून काढते."

"म्हणजे?"

"गाठोड्यातले कोरे कागद राहिलेत थोडे, तसलेच. पेन बी त्योच हाय माझ्याकडं. तेरा डिशचे आकडे फेअरमधून घेते. गाळलेल्या दोन राहिल्या. त्यांचा सहाव्याचा आकडा हाय, आठव्याचा हाय, मधी बसवायचा. कुणाला कळणार नाय."

मी लगेच नको म्हटलं असतं तर इथे लिहायला बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. तिचं म्हणणं खरं होतं, कुणालाही कळलं नसतं. दहा दिवसांतल्या एका दिवसासाठी तिची जागा जायला नको, असं माझ्याही मनात आलं. तेलाचा डबा जवळच होता, नव्या कागदावर एक डाग पाडला की तोही जुना दिसेल, हेही माझ्या मनात आलं. मला जे जमतं ते हेच होतं.

विचार करायला वेळ हवा म्हणून मी तिसरा कागद हातात घेतला. आकड्यांच्या खाली तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "लाईट नव्हती. पाणी उशिरा घातलं." पाचव्या कागदावर, त्या जास्त उगवलेल्या डिशच्या आकड्याभोवती गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं: "ही का जास्त? गावातल्या आडाचं पाणी असंच थोडं खारट हाय, तिथली ज्वारी बरी येती. परत बघायचं." आठव्यावर नुसतंच: "परत जास्त!!"

हे कागद मी तेव्हा पाहिले होते. आकडे पाहिले होते, हे वाचलं नव्हतं. फेअर वहीत यातलं एकही वाक्य नव्हतं, कारण प्रयोगाच्या वहीत प्रश्न लिहायचे नसतात, असं तिला मीच सांगितलं होतं.

"नको," मी म्हटलं. "सातवा कागद सापडला नाही, असंच लिही."

"नाय म्हणून लिहिलं तर ते म्हणतील, ही हिची दुसरी चोरी."

"म्हणतील कदाचित."

"तुमचं काय जातंय मॅडम म्हणायला?" तिचा आवाज चढला. "तुम्हीच म्हणला होता, बसत नाय ते सोड. मी माझ्या मनानं सोडलं का? मी तर इचारायलाच आल्ते तुमच्याकडं. तवा म्हणला, घाण कशाला. आता म्हणताव, घाणच दाखव."

"अगं ए," आई दारातून म्हणाल्या. "मॅडमला आसं बोलती व्हय? एवढ्या उन्हात आल्यात त्या."

"बोलू द्या तिला," मी म्हटलं. "बरोबर बोलतेय."

आई आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. आम्ही तो ओट्यावरच प्यायलो.

मग मी तिला सांगितलं की फोटोंबरोबर मी माझा एक परिच्छेद जोडणार आहे. दोन डिश गाळायला मी सांगितलं, तिने विचारलं होतं, निर्णय माझा होता.

"तुमचं नाव कशाला?" ती म्हणाली. आता आवाज खाली आला होता. "त्यांच्याकडं तुमचं शिफारसपत्र हाय. पुढं तुमच्याकडची पोरं घेतील का ते?"

"मला माहीत नाही."

हे वाक्य आम्ही रविवारी इतक्या वेळा पाठ करून घेतो की तीही जरा हसली.

फोटो काढायला ऊन चांगलं होतं. ती कागद धरायची, मी फोटो घ्यायचे. वाऱ्याने उडू नयेत म्हणून आईंनी कोपऱ्यांवर एकेक कांदा ठेवला आणि दोन फोटोंत कांदेही आले. आम्ही ते तसेच ठेवले. नेट शाळेच्या भिंतीपाशी मिळतं, म्हणून तिथे जाऊन मेल लिहिला. इंग्रजीत माझा परिच्छेद चार ओळींचा झाला. त्या चार ओळींना मला पाऊण तास लागला. एका वाक्यात मी आधी "सल्ला दिला" असं लिहिलं होतं, नंतर ते बदलून "सांगितलं" केलं.

निघताना आईंनी विचारलं, "हे कागुद आता माघारी फळीवर घालू का?"

"नको आई," मुलगी म्हणाली. "पेटीत ठिव. हात लावू नको कुणाला."

"बरं. म्हंजी फळ्या उघड्याच."

पुढच्या आठवड्यात संस्थेने तिला पुन्हा बोलावलं, या वेळी फोनच्या पडद्यावर. माझ्याच पुढच्या खोलीत ती टेबलापाशी बसली, मी आत थांबले. वीस मिनिटांतली पंधरा मिनिटं ते त्या जास्त उगवलेल्या डिशबद्दलच विचारत होते. बी कुठलं होतं, तीनपैकी एकाच डिशमध्ये असं का झालं असेल, पुन्हा करून पाहिलं का. ती तीनदा "आय डोन्ट नो" म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली, तिला ते पुन्हा करून बघायचं होतं, पण वही फेअर झाली होती. सातव्या दिवसाबद्दल एकानेच विचारलं, तिने मेथीच्या बियांची पुडी सांगितली. पलीकडून हसल्याचा आवाज आला. शेवटी त्या मॅडमनी विचारलं, मागच्या बाजूला कुणाची शेती आहे? एका कागदाचा फोटो आमच्याकडून दोन्ही बाजूंनी गेला होता.

माझ्या परिच्छेदाबद्दल कुणी काही विचारलं नाही. आजपर्यंत नाही.

त्या वर्षी तिला पीएचडीची जागा मिळाली नाही. तिला एका वर्षासाठी प्रकल्प सहायक म्हणून घ्यायची तयारी त्यांनी दाखवली: एक वर्ष काम करा, पुन्हा मुलाखत द्या. तिने फोन करून आईला सांगितलं तेव्हा मी शेजारी होते. आईंनी विचारलं, "म्हंजी पास का नापास?"

"मधलं," ती म्हणाली.

ती गेली. पहिल्या आठवड्यात तिने मला तिथल्या प्रयोगवहीचा फोटो पाठवला. पानांवर छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, पेन्सिल चालत नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. "मॅडम, पहिल्या पानावर माझ्या अकरा सह्या झाल्या," तिने खाली लिहिलं होतं.

इकडे रविवारी मी मुलांना तशाच वह्या करायला सांगितल्या. ते सोपं गेलं नाही. एकाने बिघडलेलं रीडिंग ठेवलं, पण त्यावर चौकोनी कागद चिकटवून आणला. दुसरी म्हणाली, "मॅडम, ही वही प्रॅक्टिकलच्या परीक्षेला दाखवली तर मार्क जातील." तिचं खरं होतं. मी तिला दोन वह्या ठेवायला सांगितल्या, एक परीक्षेसाठी आणि एक खरी. याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

वर्षभराने तिची पुन्हा मुलाखत झाली. या वेळी सराव घ्यायला ती माझ्याकडे आली नाही, तिला रजा नव्हती. मुलाखतीला तिने दोन गोष्टी नेल्या, तिथली वर्षभराची वही आणि पेटीतले ते नऊ कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले. आईंनी ते कुणा पाहुण्याबरोबर पुण्याला पाठवले होते. ज्वारीचा प्रयोग तिने तिथे सुट्टीच्या दिवशी पुन्हा केला होता. थोड्या खारट पाण्यात या वेळी जास्त दाणे उगवले नाहीत, साध्या पाण्याएवढेच आले. तिने तेही वहीत तसंच लिहिलं होतं आणि मुलाखतीत तसंच सांगितलं.

यादी लागली त्या दिवशी मी कॉलेजात होते. आधी तिचा फोन आला.

"मॅडम, नाव लागलं."

"पीएचडीला?"

"व्हय. चौथं हाय." मग ती म्हणाली, "आईला सांगितलंय. ती तुम्हाला फोन करंल. कागद परत गेलेत तिच्याकडं, त्याचं काई तरी इचारायचंय म्हणती."

संध्याकाळी आईंचा फोन आला. त्या आधी शाळेतल्या खिचडीबद्दल बोलल्या, मग उन्हाबद्दल. मी अभिनंदन केलं तर म्हणाल्या, "तुमचंच हाय सगळं." मी म्हटलं, तसं नाही. त्या म्हणाल्या, "बरं, नसू द्या."

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "मॅडम, ते कागुद. पेटीत ठिवलेत. पर मागल्या बाजूला कुणाचा तरी सातबारा हाय, असं पोरगी म्हणत होती. दीड वर्ष झालं, आपल्याकडंच पडलाय. लागत असंल त्याला. कळवायचं का?"

"त्या नुसत्या झेरॉक्स आहेत," मी सांगितलं. "वाया गेलेल्या. त्याचं काही अडलं नसेल."

"झेरॉक्स व्हय. मग आसल कुठंय?"

"त्याच्याच घरी असेल," मी म्हटलं.

"नीट ठिवली असंल ना पर?" त्यांनी विचारलं.